थोरल्या बाइंडरचा जबडा

१

थोरला बाइंडर दुपारी सव्वादोन वाजता आपल्या कामाच्या टेबलाखाली मरून पडलेला सापडला. डाव्या हातात अर्धा कडक टोस्ट होता. तोंडातून रक्ताची बारीक धार निघून शर्टाच्या कॉलरपर्यंत सुकली होती, आणि जबडा उजवीकडे असा काही लोंबत होता की आधी आत शिरलेल्या शेजारच्या छापखानेवाल्यानं तोंडच फिरवलं. टेबलावर खळीचा डबा उघडा होता. शिवायला घेतलेल्या पुस्तकात सुई तशीच अडकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर अण्णांच्या दवाखान्यात येऊन बसले.

अण्णा म्हणजे त्या भागातले जुने दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात काढले, भरले, बसवले. आता खुर्ची मुलीकडे होती आणि पाटीवर नावही तिचंच होतं. अण्णांकडे राहिली होती ती मागची कपाटाएवढी काळोखी खोली. तिथे लाल दिव्याखाली ते एक्स-रेच्या चिमुकल्या फिल्म धूत, अंगठ्यानं चाचपून त्यांची सुलट बाजू ठरवत आणि पुठ्ठ्याच्या खिडक्यांत बसवत. नवीन यंत्र घ्या असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "यंत्र घ्या की. पण माझ्यानंतर." बोलायला सोय नव्हती.

काउंटरवरच्या मावशींनी चहा आणला. इन्स्पेक्टरांनी ग्लास रुमालात धरला. अण्णांनी सरळ मुठीत.

"चटका नाही बसत, अण्णा?"

"चाळीस वर्षं हातमोज्यात काढलीत हो. कातडी निबर झालीय. बोला, काय काम काढलंत?"

इन्स्पेक्टरांनी वही उघडली. "थोरल्या बाइंडरचा जबडा उजव्या कानाखाली मोडलाय, जिथं हाड वळतं तिथं. रक्त आणि तोंडातला घास श्वासनळीत गेला आणि माणूस गुदमरला. शवचिकित्सेचा रिपोर्ट एवढं सांगतो. मोडला कसा, ते सांगत नाही. एकोणीस दिवसांपूर्वी त्यांची अक्कलदाढ इथंच काढली होती ना?"

"डावीकडची," दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अण्णांची ही एकुलती एक लेक, चाळिशीची, कामाला वाघ. "उजवीकडे मी हातसुद्धा लावलेला नाही." शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी ती बोलली आणि आत निघून गेली.

अण्णांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना शिकवायला मिळालं होतं, आणि शिकवायला मिळालं की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

"हे बघा, अक्कलदाढ हाडात आडवी रुतलेली असली, की ती काढताना थोडं हाडही कोरावं लागतं. तिथं खड्डा पडतो. तो भरून यायला काही महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबतं, पेशंटला वाटतं आपण बरे झालो, तो काहीतरी कडक चावतो आणि कडकन् जबडा मोडतो. हजारोंत एखाद्याचा. चाळिशी उलटलेल्या, सगळे दात शाबूत असलेल्या दणकट पुरुषाचा जास्त, कारण त्याच्या चावण्यात जोर असतो. पण मोडतो तो खड्डा असेल तिथं. खड्डा डावीकडे, मोडला उजवीकडे, असं होत नाही. धडधाकट हाड आपण होऊन मोडत नाही, साहेब. ते कुणीतरी मोडावं लागतं."

"हे लिहून द्याल?"

अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. खाली सही केली, सहीखाली दोन रेघा ओढल्या.

त्या कागदाच्या जोरावर संध्याकाळच्या आत पोलिसांनी थोरल्याच्या धाकट्या भावाला उचललं.

२

चौथ्या दिवशी थोरल्याची बायको दवाखान्यात आली. पेशंटच्या बाकावर बसली नाही. सरळ अण्णांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तुमच्या कागदावर भाऊजींना आत टाकलंय."

"वहिनी, मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. मी हाडाबद्दल लिहिलं."

"हाडाबद्दल लिहिलंत आणि माणूस आत गेला." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे अण्णांना जास्तच लागलं. "दोघं भांडले, हे खरं. हे नेहमीचंच होतं. भाऊजींनी शिवलेलं पुस्तक यांनी गिऱ्हाइकासमोर उसवलं आणि पुन्हा शिवायला घेतलं. वीस वर्षं असंच चाललंय. भाऊजी चिडतात, ओरडतात, खळ लावत बसतात. हात कधी उचलला नाही. आणि लोक माझ्याबद्दल काय बोलायला लागलेत तेही मला कळतं. दीर-भावजय म्हटलं की लोकांच्या जिभेला हाड नसतं."

इन्स्पेक्टरांनी तो संशय अण्णांजवळही बोलून दाखवला होता.

"मी यांना शेवटची आंघोळ घातली," ती म्हणाली. "तोंड माझ्या हातानं पुसलं. डावा गाल खरचटला होता. पडले त्या अंगाला. उजव्या गालावर एवढासाही डाग नव्हता, डॉक्टर. ओठ आतून पाहिले, बाहेरून पाहिले. फाटलेले नव्हते. ज्या बुक्कीनं हाड मोडतं, ती कातडी सोडून देते का?"

बुक्कीनं मोडलेले कितीतरी जबडे अण्णांनी पाहिले होते. गाल काळानिळा पडतो. ओठ दातावर आपटून आतून फाटतोच फाटतो. मेल्यावर सूज थांबते हे खरं, पण गुदमरून जीव जायला काही मिनिटं लागतात आणि ओठ फाटायला क्षणही लागत नाही.

"तुम्ही हे इन्स्पेक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, बायकांना काय कळतं जबड्यातलं."

३

कोठडीच्या जाळीपलीकडे धाकटा उकिडवा बसला होता. त्याच्या नखांत अजून सुकलेली खळ होती. अण्णांना पाहून तो उठला, कारण लहानपणी त्याचेही दात अण्णांनीच काढले होते.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग. घाई नको."

"काय सांगू? किती वेळा सांगू? दादानं माझी शिवण उसवली. मी बोललो. मोठ्यानं बोललो. मग तो जेवायला बसला. मी एका पुस्तकाचा कणा चिकटवला आणि बाहेर पडलो. मी गेलो तेव्हा तो चावत होता."

"काय चावत होता?"

"टोस्ट. चहात बुडवायचं नाव नाही, कोरडाच. गेले तीन आठवडे एकाच बाजूनं रवंथ चालला होता त्याचा. उजवीकडनंच. मी चेष्टासुद्धा केली होती. म्हणाला, दवाखान्यात बजावून सांगितलंय, महिनाभर डावीकडे घास न्यायचा नाही, सगळं उजवीकडनं चावायचं."

ते सांगणं बरोबरच होतं. प्रत्येक पेशंटला तसंच सांगतात. अण्णांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी क्षणभर अडखळले. का, ते त्यांनाही कळलं नाही.

"तू त्याला हात लावलास?"

धाकट्यानं जाळी धरली. "पहिले दोन दिवस मी नाही म्हणत होतो. अजूनही नाहीच म्हणतोय. पण सारखं सारखं विचारतात हो. मोठा डॉक्टर म्हणतो मारल्याशिवाय मोडत नाही, तू नाही तर मग कोण? खोलीत तूच होतास. रात्रभर आठवत बसतो मी, हात उठला होता का. आता मला दादाचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. नुसता माझा हात दिसतो."

बाहेर इन्स्पेक्टर म्हणाले, "अण्णा, पोरगं पिकत आलंय. उद्या सकाळपर्यंत जबाब देईल. मग तो जबाब कोर्टात ठेवला, की फाइल बंद."

"छापखानेवाला काय म्हणतो?"

"त्यानं भांडण ऐकलं. मग शांतता. धाकटा बाहेर पडताना दिसला. त्याच सुमाराला फळी मोडल्यासारखा आवाज आला म्हणतो. आधी की नंतर, ते शपथेवर सांगत नाही. छपाईचं मशीन चालू होतं."

"मला शवचिकित्सेचा रिपोर्ट वाचू द्या. अख्खा."

इन्स्पेक्टरांनी कागद पुढे सरकवला. अण्णांनी चष्मा नाकावर चढवला. पहिली तीन पानं नेहमीची होती. चौथ्या पानाच्या तळाशी, कुणी विचारलं नाही म्हणून कुणी न सांगितलेलं एक वाक्य होतं. मोडलेल्या जागी हाडाच्या कडा कागदासारख्या पातळ.

अण्णांनी ते दोनदा वाचलं.

"यात काय विशेष?" इन्स्पेक्टर म्हणाले. "दाढ काढलीय म्हणून पातळ."

"दाढ दुसऱ्या बाजूची काढलीय, साहेब," अण्णा म्हणाले.

४

पातळ कडांचा अर्थ एकच होता. ते हाड धडधाकट नव्हतंच. आतून पोखरलेलं होतं.

रुतलेल्या अक्कलदाढेभोवती कधीकधी पाण्याची पिशवी धरते. ती दुखत नाही, ठणकत नाही, पेशंटला तिचा पत्ताही नसतो. वर्षानुवर्षं ती वाढत राहते आणि हाड आतून खात जाते, ते अंड्याच्या टरफलासारखं होईपर्यंत. फिल्मवर ती काळी सावली होऊन दिसते. थोरला बाइंडर आला होता तो पुढचा एक दात भरायला. दोन्ही बाजूंची फिल्म काढली म्हणून ती सावली सापडली. हे अण्णांना चांगलं आठवत होतं. फिल्म त्यांनीच धुतली होती. सुपारीएवढी सावली होती, आणि ती डावीकडे होती. म्हणून तर डावी दाढ काढली.

मग उजवीकडचं हाड कुणी खाल्लं?

दवाखाना दुपारचा बंद होता. लेक घरी जेवायला गेली होती. अण्णांनी थोरल्याची फाइल काढली. फिल्मचा पुठ्ठा ज्या पाकिटात असतो ते पाकीट होतं. आत काहीच नव्हतं.

लेकीची टिपणं मात्र जागच्या जागी होती. ती टिपणं कधी खोटी लिहीत नसे. अण्णांनीच शिकवलं होतं तिला, हात चुकला तरी चालेल, कागद चुकता कामा नये. ते वाचू लागले. 'खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या, सारख्याच. डाव्या दाढेभोवती मोठी सावली. डावी दाढ काढली. हाड टणक, कोरायला वेळ लागला. पिशवी वाटाण्याएवढीही नाही.'

अण्णा खुर्चीत बसले.

सावली सुपारीएवढी, पिशवी वाटाण्याएवढीही नाही. पोखरलेलं हाड लोण्यासारखं लागायला हवं, ते टणक लागलं. मग सावली गेली कुठे? फिल्म खोटं बोलत नाही. सावली तोंडात होतीच. ती फक्त डावीकडे नव्हती.

प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात एक टिंब उठवलेलं असतं, एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं खोलगट. फुगीर अंग आपल्याकडे असलं की फिल्म सुलट. उलटी धरली, की डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. एकच फिल्म उलटी असती, तर पुठ्ठ्यावर दोन डाव्या बाजू दिसल्या असत्या आणि चूक शेंबड्या पोराच्याही लक्षात आली असती. दोन्ही उलट्या होत्या, म्हणून सगळं सरळ दिसलं.

असं झालं होतं तर. निरोगी दाढ निघाली आणि पोकळ जबडा तसाच राहिला. वर दवाखान्यानं बजावलं की आता महिनाभर सगळं उजवीकडनं चावा. त्या बिचाऱ्यानं अक्षर न् अक्षर पाळलं. धाकट्याचं ते वाक्य ऐकताना आपण का अडखळलो, ते अण्णांना आता कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मावशी डबा धुऊन आत आल्या. "बरं वाटत नाही का, अण्णा?"

"मावशी, या फाइलीतली फिल्म कोणी नेली?"

मावशींनी पदराला हात पुसले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्या बहुतेक वेळा गप्पच असत.

"कोणी नेली?"

"बाईंनी," मावशी म्हणाल्या. "साहेब आले होते ना चौकशीला, त्याच्या आदल्या संध्याकाळी. मरणाची बातमी आली आणि त्या उठून सरळ कपाटाशीच गेल्या."

५

लेक स्वयंपाकघरात एकटीच ताट घेऊन बसली होती. अन्नाला हात लागलेला दिसत नव्हता. अण्णा समोर बसले. चाळीस वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते, आताही ओरडले नाहीत.

"फिल्म दे."

तिनं विचारलं नाही, कुठली. उठली, वरच्या फळीवरचा एक डबा खाली काढला आणि त्यातला पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"तुला कळलं होतं," अण्णा म्हणाले. "पहिल्याच संध्याकाळी. उजवीकडे मोडलाय म्हटल्यावर तू फिल्म उजेडात धरलीस आणि तुला टिंब दिसलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या इन्स्पेक्टरसमोर उभी राहून सांगितलंस, उजवीकडे मी हात लावला नाही."

"ते खरंच होतं."

"खरं होतं! अशा खऱ्यापेक्षा खोटं परवडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय तिकडं. आपल्या चुकीसाठी एक माणूस मेला, दुसरा जिवंतपणी मरतोय, आणि तू डब्यात फिल्म लपवून जेवायला बसलीस?"

"मला वाटलं तो सुटेल. पुरावा काय होता त्याच्याविरुद्ध? काही नव्हता. मग तुम्ही ते लिहून दिलंत."

हे खरं होतं, आणि अण्णांना ते झोंबलं. झोंबलं की न ओरडणाऱ्याचाही आवाज चढतो.

"मी लिहिलं ते तुझ्या शब्दावर! हाड टणक लागलं तेव्हा तुझ्या डोक्यात उजेड का नाही पडला?"

"पडला होता." तिनं ताट बाजूला सारलं. "संशय आला होता मला. बाहेर सात पेशंट बसले होते. म्हटलं, पुढच्या महिन्यात पुन्हा फिल्म काढून बघू. माझं चुकलं, अण्णा. ते मी कुठंही कबूल करीन. मी फिल्म उलटी वाचली, असं लिहून देते. आत्ता देते. चला."

इतक्या तत्परतेनं? पाच दिवस लपवून ठेवलं, आणि आता एका वाक्यात तयार? चाळीस वर्षं माणसांच्या उघड्या तोंडात बघत आलेल्या अण्णांना कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळलं. पुठ्ठा अजून पालथाच होता. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला.

लेकीनं झटकन् त्यावर हात ठेवला. "राहू द्या ना. मी म्हणतेय ना माझं चुकलं."

"हात काढ."

"अण्णा, नको."

त्यांनी तिची बोटं एकेक करून उचलली आणि पुठ्ठा उलथा केला.

दोन खिडक्या, दोन फिल्म. डाव्या खिडकीत ती सुपारीएवढी सावली. एका खिडकीखाली लिहिलं होतं 'डावी', दुसरीखाली 'उजवी', आणि दोन्ही शब्दांखाली ओढल्या होत्या दोन दोन रेघा. ते वळणदार अक्षर अण्णांनी झोपेतही ओळखलं असतं.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. अण्णांनी उजव्या हाताचा अंगठा फिल्मच्या कोपऱ्यावर ठेवला, जसा चाळीस वर्षं लाल दिव्याखाली ठेवत आले होते. काही लागलं नाही. त्यांनी अंगठा दाबला, पुढे मागे फिरवला. टिंब आहे की नाही, फुगीर की खोलगट, बोटाला काहीच कळत नव्हतं. त्यांनी पुठ्ठा खिडकीशी नेऊन तिरपा धरला. खोलगट बाजू त्यांच्याकडे बघत होती. दोन्ही खिडक्यांत.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने तरी. शर्टाची बटणं मीच लावून देते ना रोज. गरम भांडं हातात धरून तुम्ही तसेच उभे राहता. मला दिसत होतं. पण ती खोली तुमच्याकडून काढून घ्यायची, म्हणजे..." तिनं उठून ठिबकता नळ घट्ट पिळला. "तुमचं दुसरं काय राहिलं होतं, अण्णा? मी म्हटलं, फिल्म आली की मी बघीन. आणि नाही बघितलं. तुमचं अक्षर दिसलं की मी कधीच तपासत नाही. लहानपणापासून नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार कुणाला, आणि चावणार कुणाला? अण्णांना लेकीचा राग यायला हवा होता. त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि आपण त्या लायकीचे उरलो आहोत का तेही कळेना.

"मी सांगते मी उलटी वाचली म्हणून," ती पुन्हा म्हणाली. "जबाबदारी तशी माझीच आहे. खुर्चीवर मी होते. पुठ्ठा नवा करून टाकू. कुणाला कळणार आहे? तुमचं नाव..."

"आणि उद्या मी पुन्हा त्या खोलीत फिल्म धुवायला जाऊ?"

तिनं ताट झाकून ठेवलं.

"चप्पल घाल," अण्णा म्हणाले. "तुझं तू सांग, माझं मी सांगतो. उद्या सकाळपर्यंत तो पोरगा जबाब देईल म्हणालेत. त्याच्या आधी पोचायला हवं."

६

ते पोचले तेव्हा जबाब होऊन गेला होता.

"दुपारीच दिला," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांच्या टेबलावर एक कागद होता, त्यावर सही होती. "रागाच्या भरात बुक्की मारली म्हणतो. आपण होऊन बोलला, अण्णा. कुणी बोट लावलं नाही त्याला."

"कुठल्या हातानं मारली म्हणतो?"

"उजव्या."

"समोर उभं राहून?"

"हो."

"समोरच्यानं उजव्या हातानं मारलेली बुक्की डाव्या गालावर बसते, साहेब. मोडलाय उजवीकडे. कुठल्या गालावर मारली, ते तुमच्या कागदात असलं तर बघा." अण्णांनी फिल्मचा पुठ्ठा टेबलावर ठेवला. "त्यानं तेही सांगितलं नसेल. त्याला माहीतच नाही. तुम्ही आणि मी मिळून त्याच्याकडून न घडलेली गोष्ट आठवून घेतली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टिंब दाखवलं, फिल्म पुठ्ठ्यातून काढून सुलट धरली, आणि सुपारीएवढी सावली इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे गेली. रिपोर्टातलं पातळ कडांचं वाक्य त्याच जागेवर येऊन बसलं. कोरडा टोस्ट, उजवीकडचा घास, टरफलाएवढं उरलेलं हाड. जबडा मोडल्यावर वेदनेनं माणूस दचकून श्वास आत ओढतो. त्या श्वासाबरोबर घास आत गेला. खोलीत दुसरं कुणी असायची गरजच नव्हती.

लेकीनं तिची बाजू सांगितली. संशय आला होता, सात पेशंट होते, फिल्म लपवली. तिचा आवाज एकदाच फुटला, लपवली म्हणताना.

इन्स्पेक्टरांनी फिल्म पुठ्ठ्यावर परत ठेवली. "तुम्हाला कळतंय ना, हे लिहून घेतल्यावर काय होईल? दवाखाना बंद होईल. बाईंचं लायसन्स जाईल. तुमच्या दोघांवर गुन्हा दाखल होईल."

"कळतंय."

"पहिला कागदही तुमचाच आहे."

"म्हणून तर दुसराही माझाच हवा," अण्णा म्हणाले. "लिहा."

धाकट्याला बाहेर आणलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. त्याची वहिनी पायरीवर थांबली होती. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. धाकट्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यानं नुसती मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत ऐकतोय. दुसऱ्यांदा त्यानं आपला उजवा हात समोर धरला आणि बघत राहिला.

"म्हणजे मी मारलं नाही?"

"नाही."

"पण मला आठवतंय."

"ते आम्ही घातलंय तुझ्या डोक्यात," अण्णा म्हणाले. त्यांनी हात जोडले. क्षमा मागायचे शब्द त्यांनी वाटेत जुळवले होते, त्यातला एकही आता तोंडातून निघेना. दातखीळ बसावी तसे ते उभे राहिले. थोरल्याची बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग होता की नाही, हे त्यांना शोधायचं नव्हतं. असायलाच हवा होता.

"चला भाऊजी," ती म्हणाली.

धाकटा दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळला.

"डॉक्टर, दादाला दुखलं असेल का हो?"

चाळीस वर्षं अण्णा खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगत आले होते, काही दुखत नाही, एवढंसं टोचल्यासारखं वाटेल. ते वाक्य आताही जिभेवर आपसूक आलं.

"हो," ते म्हणाले. "फार दुखलं असेल."

धाकट्यानं मान हलवली आणि तो वहिनीच्या मागोमाग चालू लागला. अण्णा सही करायला आत वळले. लेक त्यांच्यासाठी खुर्ची मागे ओढून उभी होती.